हीटर चांगला, वॉर्मर थंड

"हीटर बदलून झाला, मॅडम. नवाच हाय," विलास म्हणाला. "तरी तापंना."

नायगावच्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात आम्ही उभे होतो. समोर बेबी वॉर्मर, म्हणजे नवजात बाळाला वरून ऊब देणारं मशीन. दुसऱ्या वॉर्मरवर आधीच एक बाळ होतं. या वॉर्मरवर ठेवायच्या बाळाला आईनं छातीशी धरून वरून शाल घेतली होती.

"हातपाय गारच लागून राहिलेत," ती म्हणाली.

आमची नांदेडची एजन्सी अशा मशीनची सर्व्हिस करते. मी तिथं सीनियर. विलास माझ्यानंतर कितीतरी वर्षांनी लागला. पण इथल्या डॉक्टरीणबाई फोन करायच्या तो त्यालाच. "विलासला पाठवा," एवढंच. आज त्याला जमलं नाही, म्हणून साहेबांनी मला पाठवलं. गाडीत मला बरं वाटत होतं, हे खोटं कशाला सांगू?

"व्होल्टेज बघितलं?" मी विचारलं.

"हाव. दोनशे तीस."

"हीटर चालू होता?"

"न्हाई. बंद करून बघितलं."

मी हीटर फुल्लवर केला. त्याच्या टर्मिनलवर मल्टीमीटर लावला. एकशे ऐंशी व्होल्ट. मग क्लॅम्प मीटर घेतला. हा वायरीला चिमट्यासारखा धरला की करंट दाखवतो. दोन अँपिअर.

व्होल्टेजला करंटनं भागलं की रेझिस्टन्स, म्हणजे हीटरच्या तारेचा अडथळा. एकशे ऐंशी भागिले दोन, नव्वद ओहम. या हीटरला साधारण तेवढाच हवा. म्हणजे हीटर ठणठणीत. पण व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर. ती आली तीनशे साठ वॅट. मशीनवर लिहिलेले सहाशे.

"मग पन्नास व्होल्ट गेले कुठं?" विलास म्हणाला.

पन्नास गुणिले दोन, शंभर वॅट. एवढी उष्णता हीटरच्या आधीच कुठंतरी निघत होती. मी भिंतीवरच्या बोर्डाला हात लावला आणि पटकन मागं घेतला. शेजारीच ऑक्सिजनची लाइन होती.

तेवढ्या बोर्डाचा मेन स्विच पाडून तो उघडला. सॉकेटमागचा स्क्रू ढिला, वायर काळी, प्लास्टिक वितळायला लागलेलं. मशीन बंद असताना इथून करंटच जात नाही, म्हणून विलासला पूर्ण दोनशे तीस दिसले होते. आणखी काही दिवस गेले असते तर तिथंच पेट घेतला असता.

आम्ही जळकी वायर कापली, सॉकेट बदललं. आता हीटरवर दोनशे अठ्ठावीस व्होल्ट आले. थोड्या वेळानं बाळ वॉर्मरखाली झोपलं. त्याचे पाय आईनं दोन-तीनदा चाचपून बघितले.

डॉक्टरीणबाई आल्या. काय बोलायचं ते माझं मनात तयार होतं. पण विलास आधी बोलला.

"चूक माझी, डॉक्टर. बंद मशीनवर व्होल्टेज बघितलं मी. उगीच हीटर बदलला. मॅडमनी फॉल्ट काढला, न्हाईतर आग लागली असती."

बाईंनी मला "थँक यू, मॅडम" म्हटलं. मग त्याच्याकडं वळल्या. "असं सरळ सांगणारा माणूस मिळत नाही रे. सगळ्या दवाखान्याचं वायरिंग तूच तपासून दे."

परतीच्या वाटेवर विलास माझं कौतुक करत होता. मी खिडकीबाहेर बघत होते.

व्होल्टेज नेहमी लोड, म्हणजे वीज खाणारं मशीन, चालू ठेवून मोजावं. नव्या पोरांना मी हे पहिल्याच दिवशी शिकवते. चुकलं तर काय बोलावं, हे मात्र त्यांना विलास शिकवतो. पोरांना त्याचाच तास आवडतो.