देवीआधीचं ताट

श्रावणातल्या कानबाई देवीच्या रविवारी आमच्या कोरीटच्या घरात देवीला निवद दाखवल्याशिवाय कुणी तोंडात घास घालत नाही. गेल्या वर्षी आईलाही घालू दिला नाही. तिची इन्सुलिनची सुई मात्र मी सकाळी आठला नेहमीसारखी टोचली. सुईनंतर वेळेवर खायलाच हवं, हे डॉक्टरांनी मला बजावलं होतं. घाम, थरथर, भलतंच बोलणं दिसलं तर आधी साखर, हेही. मी मान डोलावून घरी आलो होतो.

भाऊबंद जमेपर्यंत दहा वाजले. आरती सुरू झाली आणि देवीसमोर बसलेली आई थरथरू लागली. कपाळ घामाने भिजलं, नजर एकाच जागी खिळली, तोंडात काहीतरी पुटपुटणं.

"माय आंगमा उनी!" काकू ओरडली. "हळद-कुकू लई या!"

देवी अंगात आली असं समजून बायका पाया पडू लागल्या. मीही पडलो. आईचे पाय गार आणि ओले लागले, तरी मी हात जोडून तसाच बसलो. सुई टोचणारा मीच होतो. हे लिहायला आजही जड जातं.

बायको चुलीपासून धावत आली. "सकायले सुई दिन्ही ना तुम्ही? मंग खावाले काय दिन्हं?"

तिने आईच्या बोटाला साखर तपासायचं मशीन लावलं. अठ्ठेचाळीस. आई अजून गिळू शकत होती, म्हणून चार चमचे साखर पाण्यात ढवळून घोटघोट पाजली. पंधरा मिनिटांनी ब्याऐंशी. आईची नजर माझ्यावर स्थिरावली.

"निवद व्हयना का रे?"

"तू पहिले खा," मी म्हणालो आणि दूध-भाकरी कुस्करली.

यंदा आठवडाभर आधीच डॉक्टरांना विचारून सुईची आणि जेवणाची वेळ ठरवून आणली. रविवारी आईचं ताट वाढलं, मगच सुई हातात घेतली.

"देवीना पहिले ताट? भलता शाना व्हई गया तू," काकूने ऐकवलंच.

"हाओ, काकू."

आईला अवघडल्यासारखं झालं. शेवटी ती देवीकडे पाठ करून बसली. मी देवी आणि आईच्या मधे उभा राहिलो. ताट रिकामं होईपर्यंत हललो नाही.