टिनपिसचं खरं नाव

माझ्या नवऱ्याचं तोंड एकदा सुरू झालं की बंद करायला देवालाच खाली यावं लागतं. केरेंगा त्याचं नाव. रग्बीचा हंगाम आला की दर रविवारी, चर्च सुटल्या सुटल्या, हा माणूस कर्णा घेऊन जुन्या विमानपट्टीवर उभा राहतो आणि घसा फाटेस्तोवर ओरडतो. त्या पट्टीवर विमान उतरायचं कधीच बंद झालं. आता तिथे रग्बी खेळतात, नाहीतर डुकरं उकरतात. कर्ण्याच्या बॅटऱ्या येतात माझ्या शेंगदाण्यांच्या विक्रीतून. घरातला टॉर्च महिनोन्महिने आंधळा, पण कर्णा कसा ठणठणीत!

खेळ मात्र त्याला कळतो, खोटं कशाला बोलू? तरुणपणी पुढच्या फळीत खेळायचा. गुडघा गेला, तेव्हा तीन दिवस जेवला नाही. चौथ्या दिवशी कुठूनसा हा कर्णा पैदा केला. तेव्हापासून खोऱ्यातल्या बायाबापड्यांनाही कळतं, की चौथा टॅकल झालाय, म्हणजे चेंडूवाल्याला चौथ्यांदा पाडलंय, अजून दोन उरलेत, आणि सहाव्याला चेंडू लाथाडला नाही तर तो खेळणारा गाढव आहे.

पण एवढ्या वाहत्या तोंडातून एक नाव कधी बाहेर पडायचं नाही. माझ्या भावाचं, सिउनेचं. मेव्हण्यांनी एकमेकांचं नाव घ्यायचं नाही, ही आमच्याकडची रीत. चुकून घेतलंच तर समोरच्याच्या घरी डुक्कर नेऊन द्यायचं आणि मान खाली घालून बसायचं. मग हाक कशी मारायची? लग्नात दोघांनी मिळून जे खाल्लं, ते नाव लावायचं. आमच्या लग्नात या बाबानं टिनपिस फोडला, म्हणजे डब्यातला मासा. एवढ्याशा सिउनेला मांडीवर घेऊन दोघांनी बोटं चाटून डबा संपवला. तेव्हापासून माझा भाऊ याचा टिनपिस, आणि हा माझ्या भावाचा टिनपिस.

अरे, निदान ससा, खेकडा, काहीतरी वेगळं खायचं होतं! खोऱ्यातल्या निम्म्या लग्नांत टिनपिसच फुटतो. निम्मे बाप्ये कुणाचे ना कुणाचे टिनपिस आहेत.

इतकी वर्षं त्यानं काही बिघडलं नाही. यंदा बिघडलं. हंगामाच्या सुरुवातीलाच रेडिओनं सांगितलं, की तरुण पोरांच्या शिबिरासाठी गोरोका शहराहून निवड करणारी माणसं प्रत्येक खोऱ्याची अंतिम लढत बघायला येणार. सिउने तेव्हा माझ्या कॉफीच्या झाडांत बिया वेचत होता. टोपली खाली ठेवून म्हणाला, "ताई, हे यंदा झालं तर झालं. पुढच्या साली माझं वय उलटेल."

मी त्याच संध्याकाळी नवऱ्याला धरलं. "ती माणसं कर्ण्यावरून नावं ऐकणार. तू काय ऐकवणार? टिनपिस?"

"अंगावर नंबर असतात की."

"नंबर! जुन्या कपड्यांच्या गाठोड्यातल्या जर्सी त्या! आपल्या संघात नऊ नंबरचे तिघे आहेत."

"खेळ बोलतो गं," म्हणाला शहाणा.

मग हंगाम कसला, डोक्याला ताप नुसता! पहिल्या लढतीआधी कुणीतरी गोलाचे खांब उपटून छपराला लावले. त्यांची मनधरणी करून खांब आणले, तर पलीकडच्या गावात म्हातारा गेला आणि तीन रविवार खेळ बंद. पुन्हा सुरू झाला तर पंच रुसला. त्याला म्हणे कुणी उकडलेलं कणीस विचारलं नाही. या सगळ्यातून आमचं कोरुल गाव रडतखडत अंतिम लढतीला पोचलं, ते सिउनेच्या पायांमुळे. आणि प्रत्येक वेळी कर्ण्यातून काय? "टिनपिस सुटला! टिनपिसला कोण धरतंय!" माझी आई शेजारी बसून हसायची. मी शेंगदाण्यांवर राग काढायची.

अंतिम लढतीच्या सकाळी मी शेवटचं सांगितलं, "आजच्या दिवस कर्णा दुसऱ्याला दे."

"अगं, दुसरा गुडघा माग. कर्णा मागू नकोस."

हात टेकले मी.

गोरोकाची माणसं ट्रकच्या हौद्यात बसली होती. त्यांच्यातला मोठा, वागी नावाचा, किनाऱ्याकडचा होता, आमची रीत त्याला ठाऊक नव्हती. सिउने त्या दिवशी असा खेळला की मलाच ओळखू येईना. दोनदा चेंडू रेषेपार टेकवला. दुसऱ्यांदा तर तिघे पाठीवर लोंबकळत होते. लोक मैदानात घुसले. वागी गर्दीतून वाट काढत नवऱ्याकडे आला आणि विचारलं, "तुमच्या टिनपिसचं खरं नाव काय?"

शेजारच्या कुणाला सांगायला लावलं असतं तर काय झालं असतं? पण शेजारी सगळे नाचत होते आणि मी शेंगदाण्यांचं पोतं तुडवणाऱ्यांच्या नावानं शंख करत होते. हा बाबा आभाळाकडे बघून म्हणाला, "टिनपिसच. सगळे ओळखतात त्याला." पाऊस वाढलेला, रस्ता निसरडा. वागीला थांबायला वेळ नव्हता.

बुधवारी रेडिओ बोलला, "कोरुलच्या लढतीतला टिनपिस. शनिवारी सकाळी बाजाराच्या रस्त्यावर हजर राहावं." मी कपाळावर हात मारून घेतला.

शनिवारी ट्रक आला, तेव्हा रस्त्यावर जत्रा भरली होती. दोन्ही संघांतले टिनपिस. कधीच न खेळलेले टिनपिस. एक तर बोळक्या तोंडाचा आजोबा, म्हणतो, "नाव माझंच. निदान ट्रकमधून बाजारापुढे तरी सोडा!" वागीनं डोकं धरलं. मी सिउनेला पुढे ढकललं. "हाच तो! सिउने! मी त्याची सख्खी बहीण!"

"मी याची सख्खी आई," दुसरी आपलं पोर पुढे ढकलत ओरडली. "हाच तो!"

"आणि मी याची मावशी!"

वागी भडकला. "बस्स! त्या दिवशी पावसात मला सगळे चिखलाचेच गोळे दिसले. मी आवाज ऐकला तो यांचा." त्यानं नवऱ्याकडे बोट केलं. "तुम्ही सांगा. कोण, आणि नाव काय? नाहीतर रिकामा ट्रक घेऊन जातो."

नवऱ्यानं सिउनेच्या खांद्यावर हात ठेवला. "हा."

"हा कोण? नावाशिवाय मी कुणाला नोंदवू?"

"हिनं सांगितलं की."

"हिनं सांगितलं, तिनं सांगितलं, त्या मावशीनं सांगितलं! तुमच्या तोंडून ऐकायचंय."

माझी आई दोन हातांवर उभी होती. नवऱ्यानं तिच्याकडे पाहिलं आणि मान वळवली. सिउने हळूच म्हणाला, "राहू दे, टिनपिस. पुढच्या साली बघू." पुढचं साल नव्हतं, हे आम्हा तिघांनाही ठाऊक होतं. ट्रक गुरगुरायला लागला. मी ओरडणार, तेवढ्यात या माणसानं कर्णा तोंडाला लावला. दोन हातांवरच्या माणसाशी बोलायला कर्णा! पण त्याला दुसरं बोलताच येत नाही.

"सिउने!" तो गरजला. "कोरुलचा सिउने! दोनदा टेकवला, तो सिउने!"

समोरच्या डोंगरानं ते नाव परत आणून दिलं. आईनं डोक्यावर अडकवलेली पिशवी डोळ्यांवर ओढून घेतली. नवऱ्यानं कर्णा उतरवला आणि मान खाली घातली. माझ्या मनात, खरं सांगते, पहिल्यांदा आलं ते माझं डुक्कर. पिल्लू होतं तेव्हापासून रताळी चारून वाढवलेली माझी काळी डुकरीण, आता माझ्याच आईच्या दारात बांधली जाणार.

सिउने ट्रकवर चढला. ट्रक हलला. वळणावर पोचला तसा तो हौद्यात ताठ उभा राहिला, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि अख्ख्या खोऱ्याला ऐकू जाईल असा ओरडला,

"केरेंगा! कोरुलचा केरेंगा!"

आईनं पिशवी खाली केली. "मेला!" म्हणाली. "आता आम्हालाही डुक्कर द्यावं लागणार." आणि तिला हसू आवरेना. म्हणजे आमचं काळं तिकडे, त्यांचं पांढरं इकडे, आणि आई थकलेली, तेव्हा दोन्हींना चारायचं कुणी? मीच!

घरी परतताना नवरा एक अक्षर बोलला नाही. असं लग्नानंतर पहिल्यांदाच घडत होतं. ओढ्यापाशी मी वळून पाहिलं, तर त्याचे गाल ओले.

"आता काय झालं?" मी खेकसले. "डुक्कर फिटलं ना?"

"काही नाही गं," तो म्हणाला. "इतकी वर्षं मांडीवर, खांद्यावर वागवला त्याला. नाव तोंडात घेतलं नव्हतं कधी. सिउने. किती चांगलं नाव आहे."

"हळू बोल, मेल्या," मी म्हणाले. "तिसरं डुक्कर नाहीये माझ्याकडे." पण आजूबाजूला कुणीच नव्हतं, म्हणून मग त्याला ते नाव आणखी एकदा घेऊ दिलं.