शेवटच्या ओळीतले प्लास्टिक

मी सात आसनांची जुनी गाडी लोकांना दाखवायला, हट्टाने घेतली, असे आमच्या घरात सांगितले जाते. हे साफ खोटे आहे.

त्या दिवशी जुन्या गाड्यांच्या आवारात मुलगा म्हणाला, "बाबा, आपण घरात तिघे. एवढ्याच पैशांत पाच जणांची, कमी चाललेली गाडी मिळेल." विक्रेत्यानेही त्याचीच री ओढली, "काका, मागची सीट नावालाच असते हो." मी मागे चढलो. पुढच्या आसनांचे कापड झिजून गुळगुळीत झाले होते. मधल्या ओळीवर कुणा लेकराने सांडलेल्या दुधाचा डाग होता. शेवटच्या ओळीवर मात्र कारखान्यातून आलेले प्लास्टिक इतक्या वर्षांनंतरही तसेच होते.

"बघा, मागे कुणी बसलेलंच नाही!" विक्रेता अभिमानाने म्हणाला.

त्याला ती गाडीची थोरवी वाटली. मला त्या प्लास्टिकमागे तो अनोळखी मालक दिसला. त्यानेही माझ्यासारखीच माणसे मोजून गाडी घेतली असेल आणि दर सुट्टीत फोनवर "या वर्षी जमत नाही" एवढेच ऐकले असेल. माझी लेक, जावई आणि दोन नाती परदेशात असतात. तिघांत चौघे मिळवले की सात होतात. यात दिखावा कुठे आला?

गाडी घेतली. मुलगा म्हणाला, "प्लास्टिक राहू द्या बाबा, सीट नवी राहील." मी ते त्याच्यादेखत टराटरा फाडले. ते आसन जुने व्हावे, एवढीच तर माझी इच्छा आहे.