चाचणीच्या दिवशीचे वाटाणे

नालवाडीच्या एका शाळेत परवा वाचन चाचणी होती. बातमीसाठी पोचलो तेव्हा मागे खिचडीला फोडणी पडत होती. त्या वासाने पवनारजवळच्या एका शाळेतली जुनी सकाळ आठवली.

तिथेही अशीच चाचणी होती. वाचनात मागे पडलेली मुलं दुसरीतच शोधायची आणि त्यांना रोज जादा तास द्यायचा, एवढाच तिचा हेतू. वर्गात मुलं धडाधड वाचत होती. मी पाणी प्यायला मागे गेलो, तर स्वयंपाकखोलीच्या सावलीत दुसरीतली दुर्गा वाटाणे सोलत बसलेली. ओल्या सालींचा गोडसर वास येत होता.

"काऊन वं, परीक्षा नाई तुले?" खिचडी ढवळणाऱ्या काकूंनी विचारलं.

"सरनं इथं बसवलं. ज्याईले वाचता येते त्याईचीच हाय."

"मंग आपली दोघींची सुटका," काकू हसल्या.

मी सरांना गाठलं. ते शांतपणे म्हणाले, "तिची कशाले घ्याची? तिले येत नाई, हे मले माहीत हाय ना."

निकाल उत्तम लागला. मागे पडलेलं कोणी सापडलंच नाही, म्हणून त्या शाळेला जादा तास मिळाला नाही. तेव्हा ती एका शिक्षकाची लबाडी वाटली होती. आता वाटतं, चांगल्या निकालालाच शाबासकी देणाऱ्या सगळ्यांनी दुर्गाला तिथे बसवलं होतं.

परवा वर्गात न थांबता मी सरळ शाळेच्या मागे गेलो. दोन मुली लसूण सोलत होत्या.