कोरी आजींच्या चित्रातलं बाळ

आमच्या शेजारच्या कोरी आजी म्हणजे नेदरलंड्समधल्या आमच्या उइटहॉर्न गावातलं एक खमकं प्रकरण. वय ब्याऐंशी. चाळीस वर्षं ग्रीनहाऊसमध्ये कार्नेशनच्या फुलांच्या जुड्या बांधल्या, नवरा गेल्यावर एकटीनं संसार ओढला. आमची सात वर्षांची प्रांजली शाळा सुटली की त्यांच्याकडेच. लॉकडाऊन लागल्यावर बागेच्या कुंपणावरून दोघींच्या गप्पा चालायच्या.

आजींच्या भिंतीवर एक हातभर चित्र होतं. सोनेरी रंगावर निळ्या वस्त्रातली मेरी, आणि तिच्या मांडीवर उभं राहून तिचा अंगठा घट्ट धरलेलं बाळ. सहाशे वर्षांपूर्वीच्या एका इटालियन चित्राची ही नक्कल आजींच्या आईनं स्वतः काढली होती. आजी रोज सकाळी तिच्यापुढे हात जोडायच्या.

एप्रिल २०२० मध्ये आजींना हॉस्पिटलात न्यायला गाडी आली. निघताना खोकत खोकत त्यांनी ते चित्र आमच्या दाराशी ठेवलं. रिकाम्या घरात मेरीला एकटीला ठेवायचं नाही, म्हणाल्या. मी दार किलकिलं करून लांबूनच मान डोलावली.

तेव्हा आम्ही कोथिंबीरसुद्धा साबणाच्या पाण्यात बुचकळत होतो. व्हिडिओ कॉलवर सासूबाई म्हणाल्या, आईच आहे ती, देवाऱ्याशेजारी ठेव, पण आधी चांगली पुसून घे. झालं! मी फडक्यावर सॅनिटायझर ओतला आणि घासत सुटले. फडकं गुलाबी झालं तेव्हा कळलं, बाळाचं नाकतोंड पुसलं गेलं होतं. प्रांजली शेजारीच उभी होती.

तीन आठवड्यांनी आजी परतल्या. कुंपणावरून चित्र देताना माझ्या तोंडून निघून गेलं, "प्रांजलीनं हात लावला हो." लहान मुलांना कोण रागावतं, असा माझा शहाणपणा. मेली जीभ कशी वळली कोण जाणे. आजींनी बाळाच्या पुसलेल्या चेहऱ्यावरून बोट फिरवलं. माझ्यामागे उभ्या प्रांजलीनं माझ्याकडे पाहिलं आणि घरात निघून गेली.

त्यानंतर दहा दिवस ती कुंपणाकडे फिरकली नाही. आजींनी हाक मारली की पडद्याआड व्हायची. माझ्या नवऱ्यानं, शिरीषनं, काय झालंय म्हणून विचारलं, तर त्यालाही मी थाप मारली. जेवताना पोरीकडे बघायची लाज वाटायची मला. शेवटी एका सकाळी आजींपुढे उभी राहिले आणि सगळं सांगून टाकलं.

"मुलांच्या हातानं रंग असा निघत नाही," आजी म्हणाल्या. "इतकं घासायला मोठ्या माणसाच्या मनातली भीती लागते. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. माझी माफी नको. तिची माग."

आता पोटच्या पोरीची माफी कशी मागतात? आमच्याकडे आईबाप मुलांना सॉरी म्हणत नाहीत, आवडीचा शिरा करून वाढतात. मीही आधी शिराच केला. तिनं ताटली सरकवली. मग मी तिच्यापुढे फरशीवर बसले.

"ते मी केलं होतं. वर तुझं नाव घेतलं. चुकले गं मी."

तिनं एवढंच विचारलं, आजींना खरं माहीत आहे का. पहिल्या दिवसापासून, मी म्हटलं. तशी ती चपला न घालताच कुंपणाकडे धावली.

या गोष्टीला दीड वर्ष झालं. तिनं मला माफ केलं का, हे विचारायची माझी अजून हिंमत झालेली नाही.