ठसा दाखव

“नाव काय, कोणीही लावतं. ठसा दाखव.” चष्मा कपाळावर सारत बाई म्हणायच्या आणि स्क्रीनला नाक लागेल इतक्या वाकायच्या.

कोलशेतच्या आमच्या ऑफिसात सलाईनच्या पंपांचं सॉफ्टवेअर बनायचं. ते हॉस्पिटलांत जाण्याआधी त्यातली प्रत्येक फाइल बाई तपासायच्या. ठसा म्हणजे फाइलचा हॅश, चौसष्ट आकडे-अक्षरांची ओळ. फाइलीत एक टिंब बदललं तरी सगळी ओळ बदलते. आम्ही पोरं फाइलींना ‘फायनल’, ‘फायनल खरी’, ‘फायनल हीचबघ’ अशी नावं द्यायचो. बाई हसायच्या. “अरे, बारसं चाललंय का?”

एका दुपारी त्या हसल्या नाहीत.

“इकडे बघ.” अलार्म वाजवणारी फाइल होती. नाव तेच, तारीख तीच, आकार अगदी तेवढाच. ठसा मात्र वेगळा. जुन्या सगळ्या प्रती काढल्या. तो कशाशीच जुळेना.

साहेब वैतागले. “चालतंय ना सगळं? उद्या माल जायचाय.”

“नाही जाणार,” बाई म्हणाल्या. “माझी सही नाही.”

आम्ही पंप टेबलावर लावला. बाटली संपली, अलार्म वाजला. पुन्हा लावली, वाजला. बाई हलल्या नाहीत. दहाव्या वेळी तो वाजलाच नाही. नळीत हवा शिरली आणि पंप शांतपणे चालत राहिला.

हे मुद्दाम केलेलं होतं. ऑफिसातले कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेलेच नव्हते, म्हणजे आम्हा बारा जणांपैकीच कोणीतरी. चौकशी झाली. कोणी सापडलं नाही.

पुढे बाई चहाला आमच्यात यायच्या, पण कप हातात धरून एकेकाचा चेहरा बघत राहायच्या. महिन्याभरात त्यांनी राजीनामा दिला.

निरोपाच्या दिवशी त्यांनी मला जिन्यात थांबवलं. “ती फाइल तुझ्या कॉम्प्युटरवरून आत आलेली.”

“माझ्या?”

“घाबरू नकोस रे. ती आत आल्याची वेळ नोंदीत बघितली मी. तेव्हा तू डोंबिवलीत होतास, बहिणीच्या लग्नात. साहेबांना तेच सांगितलं.”

“मग ऑफिसात कोण होतं?”

“कोणीच नाही. ऑफिसला कुलूप, किल्ली साहेबांच्या खिशात. आणि साहेब तिथेच लग्नात, माझ्या शेजारी जेवत होते.” त्यांनी माझा दंड हलकेच दाबला आणि जिना उतरून गेल्या.

घरी येऊन मी लग्नातला ऑफिसवाल्यांचा ग्रुप फोटो शोधून काढला. साहेब, बाई, मी, सगळे. तीनदा मोजले. बारा.

बाईंना फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

“मोजलेस?” त्या म्हणाल्या.

“बारा. आपण सगळेच तिथे,” मी म्हणालो.