डावीकडं, वरच्या फळीवर

रत्ना गेल्याची बातमी मला दुसरी कळली. पहिली कळली ती हंगेरीतल्या मार्ताला. रविवारी साडेअकराला मार्ताचा फोन यायचा ठरलेला, त्या दिवशीही आला, आणि रत्नाच्या भाचीनं, प्रज्ञानं, रडत रडत तिला सांगितलं. मला फोन आला तो त्यानंतर वीस मिनिटांनी. माणूस गेल्यावरही असले हिशेब मनात येतात, याची लाज वाटते... पण आले. पडेगावला रत्नाच्या घरी पोचेपर्यंत रिक्षात मी रडतही होते आणि धुमसतही होते.

आम्ही दोघी करमाडच्या शाळेत शिक्षिका. बावीस वर्षं एकाच एसटीनं गेलो-आलो. बसची पाटी औरंगाबादची संभाजीनगर झाली, आमची सीट बदलली नाही. ती खिडकीशी, मी शेजारी. नवऱ्याच्या तक्रारी, सासूबाईंचे टोमणे, वर्गातल्या मुलांच्या गमती, सगळं त्या सीटवर बोलून व्हायचं. मग एक दिवस गुलमंडीतल्या जुन्या पुस्तकवाल्याकडं तिला एक पातळसं पुस्तक सापडलं, आणि माझ्या वाटणीच्या गप्पा एस्पेरांतोनं खाल्ल्या.

एस्पेरांतो म्हणजे मुद्दाम घडवलेली भाषा. कुठल्याच देशाची नाही. परक्या माणसांना एकमेकांशी बरोबरीनं बोलता यावं म्हणून केलेली. रत्ना बसमध्ये धडे घोकायची. गाडी उजवीकडं वळली की ‘देक्स्त्रे’, डावीकडं वळली की ‘माल्देक्स्त्रे’. वरच्या रॅकवर पिशवी ठेवताना ‘सुप्रे’. आजूबाजूच्या बाया बघायच्या. मी म्हणायचे, अगं, जी भाषा कुणाच्याच आईची नाही ती शिकून काय करणार? ती हसून पान उलटायची. मलाही शिकवते म्हणाली होती, दोनदा. मी नाक मुरडलं.

मग मार्ताची पत्रं सुरू झाली. तीही शिक्षिका, तीही रत्नासारखीच एकटी. रत्नाच्या छातीत दुखतंय हे मार्ताला जूनमध्ये माहीत होतं, मला दिवाळीत कळलं. शेजारी बसणारी मी, आणि दुखणं गेलं हंगेरीला! मी चार दिवस तिच्याशी धड बोलले नाही. तिनंही समजूत काढली नाही.

एका डिसेंबरात मार्ता पाच दिवस राहायला आली. या भाषेवाले एकमेकांच्या घरी असे उतरतात म्हणे, भाषा येते एवढीच ओळख पुरते. मी शेंगदाण्याची चटणी घेऊन मुद्दाम बघायला गेले. बाहेरच्या खोलीत कुणी नव्हतं. आतून हसण्याचा आवाज आला म्हणून डोकावले, तर ती गोरी, थोराड बाई स्वयंपाकघरात पाटावर बसून ज्वारीचं पीठ मळत होती, कोपरापर्यंत पांढरी झालेली. रत्नानं मला पाहिलं आणि नेहमीसारखं म्हणाली, “बस गं बाहेर, चहा आणते.” मी खुर्चीत बसले. त्या घरात मी कायम त्याच खुर्चीत बसत आले होते. आतून पुन्हा हसणं ऐकू आलं, आणि खोटं कशाला बोलू, त्या बाईची भाकरी मोडावी असं मला मनापासून वाटलं.

सोमवारी बसमध्ये मी ते बोलून दाखवलं. पाच दिवसांच्या बाईला थेट आत नेलंस आणि मला इतकी वर्षं खुर्ची! वाटलं, ती हसण्यावारी नेईल. ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, “शोभा, तुझं सैपाकघर कसं हाय गं? मला नाय ठाऊक.”

रत्ना बौद्ध, आम्ही मराठा. आमच्याकडं ती किती वेळा आली असेल. बैठकीत बसली, चहा प्याली, गेली. आत ये, असं मी एकदाही म्हटलं नव्हतं. सासूबाईंची भीती होती, आणि भीती आहे हे कबूल करायची त्याहून मोठी भीती.

“तू वाईट नायस,” ती म्हणाली. “पण तुझ्या घरी मी पाव्हणी, माझ्या घरी तू. त्या भाषेत आम्ही दोघीबी पाव्हण्याच. म्हणून मोकळं वाटतं.”

त्यानंतर सासूबाई गेल्या. मी ठरवलं, आता रत्नाला आत घेऊन जायचं, ओट्याशी बसवायचं, तिच्याकडून वांग्याचं भरीत करून घ्यायचं. पण मग वाटायचं, एकाएकी बोलावलं तर तिला काय वाटेल... असं करत दोन वर्षं गेली. आम्ही दोघी निवृत्त झालो. आणि ती गेली.

गेल्या रविवारी प्रज्ञानं पुस्तकं लावायला बोलावलं. साडेअकराला फोन वाजला. प्रज्ञा म्हणाली, “मावशी, मार्ताताई. दर रविवारी आत्या अन् ती फोनवर सोबत चहा प्यायच्या. आज तू घेशील का? मी आलेच, दुकानातून दूध आणते.” माझ्या हातात फोन देऊन ती गेलीसुद्धा. पडद्यावर मार्ता, पांढऱ्या केसांची, हातात रिकामा कप. डोळे सुजलेले. माझ्यासारखेच. त्याचाही मला रागच आला.

ती काहीतरी बोलली, त्यातलं ‘रत्ना’ कळलं, ‘तेओ’ कळलं. चहा. मी फोन हातात घेऊनच उठले आणि उंबरा ओलांडून पहिल्यांदा रत्नाच्या स्वयंपाकघरात गेले. आत उभी राहून डबे शोधू लागले. पोह्यांचा, डाळीचा, मिठाचा... चहाचा सापडेना.

“माल्देक्स्त्रे,” फोनमधून मार्ता हळूच म्हणाली. “सुप्रे.”

कुणी अर्थ सांगायला नव्हतं. मला समजलं. मी हात डावीकडं, वर नेला. डबा तिथंच होता, झाकणावर रत्नाच्या बोटांचा पिठाचा ठसा.

मैत्रिणीच्या घरात चहाचा डबा कुठं असतो, हे मला हंगेरीतल्या बाईनं सांगितलं. मी फोन मिठाच्या डब्याला टेकवून उभा केला आणि आधण ठेवलं.